थंड इंजिनाला नऊशे अंश

"जोर नाही हो, हर्णैची चढण चढताना रांगते.
दोन सेन्सर बदलून झाले, एक खेडला, एक चिपळूणला.
आता तुम्ही तिसरा सांगू नका."
हरेश्वर चोगलेनं चावी माझ्या हातावर आपटली.
पिकअपच्या हौद्यातून बर्फाचं पाणी गळत होतं,
नंबरप्लेटला बांगड्याचे खवले.

मी म्हटलं, रात्रभर राहू दे.
ताप बघायचा तर आधी अंग निवायला हवं.

सकाळी नुसती चावी फिरवली, इंजिन बंदच.
जुवेरियानं स्कॅनर वाचला:
"अब्बा, सायलेन्सर नऊशे तीन!"
गाडीखाली सरकून पाइपावर तळवा ठेवला.
शिंपल्यासारखा गार. वर दव.

कोडमध्ये तक्रार करणाऱ्याचं नाव असतं,
चोराचं नसतं, इसाक उस्ताद म्हणायचा,
आणि म्हणता म्हणता माझाच पाना उचलून न्यायचा.

सेन्सर उपटला नाही.
त्याचा जोड सोडवून मीटर लावला:
दोनशे एकवीस ओहम.
सत्तावीस अंशांच्या सकाळी एवढेच यायला हवेत.
बिचारा खरं सांगत होता,
सांगणं वर पोचत नव्हतं.

जोड परत लावला. मग वायर.
बोटांनी चाचपत मागे मागे गेलो, फ्रेमच्या कडेनं,
जिथे हौद्याचं पाणी ठिबकतं तिथवर.
तिथला दुसरा जोड जरा हलवला तर वरून आवाज:
"सत्तावीस!
... नाही, परत नऊशे!
सत्तावीस!"

उघडला. आत हिरवं.
पिनेवर मीठ चढलेलं, रबरी सील गायब.
पहिल्या वेळी कुणी उघडून पाहिलं असेल,
सील बाजूला ठेवलं असेल,
आणि ते बाजूलाच राहिलं.

नवा जोड, नवं सील, वायर हौद्यापासून वर बांधली.
दुपारी आंजर्ल्याच्या रस्त्याला घेतली.
तीनशे. चारशे वीस. मग सहाशेच्या पुढे,
फिल्टरमधली काजळी जळू लागली तसा
करपट वास खिडकीतून आत आला.
हरेश्वर नाक न झाकता बसून राहिला.

परत आल्यावर डॅशबोर्डच्या कप्प्यातून त्यानं
कागदात गुंडाळलेले दोन जुने सेन्सर काढले.
"हे पण बघा."
मूळचा मेलेला, काटा जागचा हलेना.
खेडचा: दोनशे एकवीस.

तो काही बोलला नाही.
चांगल्याला सुतळीची खूण बांधली,
मेलेला खिशात टाकला,
आणि विचारलं, पैसे किती.