अस्तर

ऑगस्ट अजून अर्धाही सरला नाही
आणि मागच्या अंगणातल्या चेस्टनटनं
सगळी पानगळ आत्ताच अंगावर ओढून घेतलीय.
तार्नूवच्या या गल्लीत सगळे म्हणतात, पाणी कमी पडलं.
कुंपणापलीकडून लुदोमिर म्हणतो, म्हातारं झालं झाड.
म्हातारा तो आहे.
झाड माझ्याहून अकरा वर्षांनी लहान.

मी एक पान तोडलं
आणि शिवणयंत्राच्या दिव्यासमोर धरलं.
चाळीस वर्षं कोट शिवले,
कापडात काय लपलंय ते उजेडाला धरूनच कळतं.
पानाला वरची कातडी, खालची कातडी,
आणि मध्ये, जिथे मी खांद्याची भरण घालते,
तिथे एक चपटी अळी,
शहाजिऱ्याएवढी,
अस्तर खात निघालेली.
शिवण कुठेच उसवलेली नाही.

मग खात्री करून घ्यायची.
डाग शिरांच्या मध्ये अडतो का? अडतो.
कडेला पिवळी किनार? नाही.
असती तर बुरशी म्हटलं असतं.
बोटानं दाबलं तर वाजतं का?
वाजतं, डबक्यावरच्या पहिल्या बर्फासारखं.

नगरपालिकेच्या बागखात्यातून एक मुलगी आली,
द्रोबनियाक आडनाव, बुटांना चिखल.
खोडात टोचून औषध देता येतं, म्हणाली,
पण भोक पडतं, आणि झाड भोक विसरत नाही.
चिकट पट्टी बांधली तर एखादा पक्षीही अडकतो.
पडलेल्या पानांत कोश हिवाळाभर झोपतात,
तुम्ही पानं उचला,
शेवटच्या पानापर्यंत.
पंचविशीत 'शेवटच्या पानापर्यंत' म्हणणं सोपं असतं.

सप्टेंबरात झाडाला फुलं आली.
उघड्या फांदीवर चार पांढरे तुरे,
मे महिन्यातले, वाट चुकलेले.
गल्ली फोटो काढायला जमली,
लुदोमिरनं टोपी काढली.
मी आत गेले.
मला ही हौस ओळखीची होती:
शेवटच्या आठवड्यात नवऱ्यानं असंच अचानक
आंबट कोबीचं बिगोस मागितलं होतं,
दोन वाट्या.

ऑक्टोबरभर खराटा.
एकोणीस पोती भरली, कंबर गेली.
आणि पलीकडे लुदोमिरच्या कोपऱ्यात
माझ्याच झाडाच्या पानांचा ढीग, छातीएवढा.
वाऱ्याला कुठलं कुंपण?
मी फाटक न वाजवता आत घुसले,
जे बोलले ते इथे लिहीत नाही.
तो काहीच बोलला नाही.
वाकला, ढिगाची कड दोन बोटांनी उचलली,
गादीखालचं मूल दाखवावं तशी.
आत काट्यांचा एक गोळा,
श्वासागणिक जरासा फुगणारा.
हेजहॉग. मार्चपर्यंत उठायचा नाही.

आम्ही दोघं बराच वेळ तसेच उभे.
खाली हजारो कोश, मध्ये हा एक जीव,
आणि माझ्या हातात खराटा.

दुसऱ्या दिवशी चर्चमागून
मेपलची पानं आणली, ढकलगाडीच्या सात खेपा,
आणि ढिगावर वीतभर थर दिला,
ओला, दाबून बसवलेला.
अस्तर जाड असलं
की आतल्या पाखराला बाहेरची वाट सापडत नाही.
हेजहॉगला सापडते. त्याला नाक आहे.
लुदोमिर म्हणाला, तू कोटासारखं बेतलंस.
मी म्हटलं, बाही राहिली.

एप्रिलच्या शेवटी ऊन खोडावर आलं
आणि ती आली:
तांबूस, पाठीवर पांढऱ्या पट्ट्या,
इतक्या नेटक्या की मला राग आला.
भिंग घेऊन कमरेपासून डोक्यापर्यंत मोजली.
सतरा.

कमी झाली का? लुदोमिरनं कुंपणावरून विचारलं,
हातातला चहा निवत.
कसं सांगू?
गेल्या वर्षी मी मोजलीच नव्हती.

मापाची वही काढली.
छाती, कंबर, बाही,
कुणाकुणाची, काही आता नसलेल्यांची.
पान उलटून खाली लिहिलं:
खोड, दक्षिणेची बाजू. सतरा.
पुढच्या वर्षासाठी
शेजारी जागा सोडली.