पातेल्यात गडद, ग्लासात फिका

म्हापशात माझं रंगांचं दुकान. एकतीस वर्षं
लोकांच्या भिंती मी डोळ्यांनी मापते.
घरमालक म्हणतो, पिवळा द्या,
आणि त्याच्या मनात असतो
एखाद्या जुन्या फोटोमागच्या पडद्याचा पिवळा.
पांढऱ्याच्या डब्यात दोन थेंब जास्त पडले
की गेलेला रंग परत येत नाही.
एवढंच मला येतं. बियर नंतरची,
भाच्याने टाकून दिलेल्या दोन बादल्यांवर शिकलेली,
हळदोण्याला, मागच्या पडवीत.

उबाल्द शेजारचा. जन्मभर तारवटी.
गेल्या वर्षी गळ्यावर किरणं घेतली,
तेव्हापासून जिभेला काही लागत नाही.
पेज, मीठ, सुंगटांची हुमण,
सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं.
कुंपणावरून म्हणाला,
“शालनबाय, रूच गेली. रंग तरी करून दी.”
कसला रंग?
“अँटवर्पाक, दॉकाफाटल्यान एक बार आशिल्लो.
थंयच्या ग्लासाचो.”

मी बेळगावच्या पुढे गेलेली नाही.

पहिल्या खेपेला नुसतं फिकट माल्ट.
वाळल्या गवताची काडी.
“हें लिंब्याचें सरबत.”
दुसऱ्या खेपेला कॅरामल माल्ट, पाव किलोच्या जागी अर्धा.
नव्या कौलासारखी लाल उतरली
आणि पाकासारखी गोड, दातांना चिकटणारी.
त्याला कळणार नव्हतं. मला कळत होतं.
रंगापायी चव बिघडवायची नाही, हा माझा हट्ट,
तोही चव गेलेल्या माणसासाठी.
तिसऱ्यांदा काळं माल्ट,
करपेपर्यंत भाजलेलं, मूठभर, गरम पाण्यातच.
उबाल्द खो खो हसला, मग खोकला.
“हें क्रूड ऑयल!”

काळा हा रंग म्हणून घालायचा नसतो,
तो चिमटीने घालायचा असतो.
दुकानात हे मी पोरांना रागावून सांगते.
पडवीपर्यंत ते पोचायला चार महिने लागले.

वीस लिटरला चाळीस ग्रॅम.
रात्री थंड पाण्यात भिजत घातलं,
आंबोळ्यांचे तांदूळ घालतात तसं,
सकाळी फडक्यातून गाळलं.
जळका कडवटपणा बराचसा सालीपाशी राहिला,
रंग तेवढा खाली आला.
उकळी संपता संपता पळीपळीने सोडला
आणि पातेल्यात बघून हबकले:
पुन्हा काळं!
मग आठवलं, रोज गिऱ्हाइकाला सांगते ते,
डब्यातला रंग खोटा, भिंतीवर लावून बघा.
दोन बोटं ग्लासात घेतलं, खिडकीशी नेलं.
काजूच्या खोडावर पाझरून सुकलेला डिंक असतो ना,
सकाळच्या उन्हातला,
तसा.

पुढे तीन आठवडे बाटल्या कोनाड्यात, वर पोतं.

वेळ त्यानेच ठरवली,
खाजनावरून तिरपं ऊन सोप्यावर येतं ती.
ग्लासही त्याचाच, जहाजावरून आणलेला,
वर रुंद, खाली निमुळता.
धरून बसला. फेस बसला तरी बोलेना.
आतून आर्सेनिया ओरडली, “गरम जाता मरे ती!”

“तो न्हय,” उबाल्द म्हणाला.

मी वही उघडली, पेन्सिल शोधली.
पुढच्या खेपेला पस्तीस? की थोडं म्युनिक वाढवून
काळं तीसवर आणायचं?
“राव मगे. तो न्हय म्हळें. वायट म्हणूंक ना.”
आणि प्याला,
ज्याला काहीच लागत नाही तो,
डोळे मिटून, सावकाश,
अर्ध्यापर्यंत.

मग उरलेला ग्लास परत उन्हात धरला,
जिथे काच अरुंद होते
आणि रंगाला उभं राहायला जागा कमी.
“आतां पळय,” म्हणाला. “आतां जालो.”

बारमध्ये त्याच्यापुढे नेहमी
अर्धाच उरलेला असायचा म्हणे. बोटीचा भोंगा व्हायचा.

मी वहीत लिहिलं: चाळीस ग्रॅम. बदल नाही.
खाली, जरा बारीक अक्षरात: अर्धा ग्लास.