आधी बुडू द्या

दारूखान्याच्या मागे, गंजक्या नांगरांपलीकडे
ती कुशीवर पडलेली. बावीस फूट.
नाव अर्धंच: 'गौ', आणि पुढे रंगाचे पोपडे.
मी म्हटलं गौतमी. दाऊद मेस्त्री म्हणाले, गौहर.

पर्समधून मी जुना आरसा काढला, लांब दांडीचा,
वीसेक वर्षं ज्याने लोकांच्या दाढा ठोकल्या,
आणि फळी फळी ठोकत गेले.
टण् म्हणजे जिवंत. थप् म्हणजे आतून गेलेली.
नाळेपासून चौथी: टण्, जरा घोगरं.
पाचवी: थप्.
कण्याजवळ तर दांडीच आत गेली, खरवसात जावी तशी.
मेस्त्री म्हणाले, "तिथलं मलाही ठाऊक आहे.
खोल जाऊ नका."

शब्बीर सुरतवाला खुर्चीवरून उठला नाही.
एक लाख दहा. डोलकाठी नाही, शीड नाही,
सुकाणूच्या जागी नायलॉनची दोरी.
"डॉक्टर, सोमवारी हॉटेलवाले येणार आहेत.
मधोमध कापून नेतील. पोटात बर्फ भरतील,
बर्फावर कोळंबी."
हे तो सगळ्यांनाच सांगत असणार.
तरी त्या रात्री मला थंडी वाजली.

हिशेब मला येत नाही असं नाही.
सागवान, तांब्याचे खिळे, राळ, कापूस, मुशीचं तेल,
मेस्त्रींची मजुरी, पुतण्याची मजुरी, पुतण्याचा चहा,
जागेचं भाडं वर्षभर, म्हणजे दोन वर्षं.
कागदाच्या तळाशी जो आकडा आला
तो माझ्या नव्या खुर्चीचा होता, जर्मन, मागे अलगद झुकणारी,
सहा वर्षं जिच्यासाठी साठवतेय.
रोज दहा जणांना मीच सांगते:
मूळ शाबूत असेल तर ठेवू, नाहीतर काढून टाकू,
उगाच जीव लावू नका.
माणसं मान हलवतात. तोंडात कापूस असतो.

आणि माझा समुद्र तो केवढा?
एन.सी.सी.चे दोन हिवाळे, तळहाताचे घट्टे,
एकदा वारा फिरला आणि शिडाचा वासा
थेट वीणा टिपणीसच्या कपाळावर. पाच टाके.
ती अजून म्हणते, ओरडायला हवं होतंस.

तिसऱ्या रविवारी मेस्त्रींना सरळच विचारलं: घेऊ?
ते पलीकडे बघत राहिले.
नव्या पुलाखालून रेतीची बार्ज सरकत होती,
ती पूर्ण जाईपर्यंत थांबले.
"आधी बुडू द्या," म्हणाले.
"आठ वर्षं कोरडी आहे. लाकूड आखडलंय.
अमावास्येचं उधाण येईल, चिखलात ओढून ठेवू.
पाणी आत येईल. येऊ द्यायचं. लगेच उपसायचं नाही.
फळ्या पितील, फुगतील, एकमेकींना धरतील.
ज्या धरतील त्या ठेवू."
"आणि नाहीच धरलं?"
"तर मी हर्णैला जाईन. मलाही घर आहे."

शब्बीरला पाच हजार दिले, नुसते थांबण्याचे.
पावती मागितली. त्याने सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिली:
'बोट पाण्यात, गुरुवारपर्यंत.'

गुरुवारी भरती एक वाजून दहा मिनिटांनी.
तक्ता मी एक्स-रेंच्या शेजारी चिकटवला होता.
खुर्चीत पारनेरकर, खालची डावी दाढ.
फोन हातमोज्यानेच उचलला, जे मी कधी करत नाही.
मागे पाणी, आणि पुतण्या कुणाला तरी शिव्या घालतोय.
"डॉक्टर, पाचवी गेली."
"बाकी?"
"पाचवीला गोणपाट ठोकलंय. सकाळी उपसली.
पोराला आत उभं केलंय. पाणी घोट्याला आहे."
मग मेस्त्री खोकले, खूप वेळ.
"तासभर घोट्यालाच आहे."

पारनेरकरांनी डोळ्यांनीच विचारलं, काय झालं?
म्हटलं, काही नाही, उघडंच ठेवा.
हातमोजे बदलले, दाढेवर हलकेच ठोकलं,
थांबले,
पुन्हा ठोकलं.