मिरीचा दाणा

एल्डन टेरेस, चौदा नंबर.
समुद्र इथून दिसत नाही,
तो आहे असं सीगल छपरावर येऊन ओरडून सांगतात.
सात फ्लॅट, एक जिना, एक दार,
दाराशी सात बेल, त्यातली माझी वाजत नाही.

घर माझं. म्हणजे कर्ज माझं, रंग माझा,
न्हाणीघरातली बुरशी माझी.
पायाखालची जमीन मात्र जर्सी बेटावरच्या
कुठल्याशा कंपनीची, जिचं तोंड कुणी पाहिलेलं नाही.
लोकांच्या पायाखालची जमीन सरकते ती धाडकन.
माझी दर पंचवीस मार्चला
एकेक वर्षानं सरकत होती,
मुकाट.

बँकेतला मुलगा म्हणाला, अठ्ठावन्न उरलीत.
दंतवैद्य दातांबद्दल म्हणतो, तसं.
"आणि शून्यावर आली की?"
त्यानं स्क्रीन वरखाली केला.
तिथे तो रकानाच नव्हता.

पहिली बैठक हालिनाच्या स्वयंपाकघरात.
खसखशीचा केक, चार वेगवेगळे कप.
तिसऱ्या मजल्यावरच्या ग्लेनरॉयनं फाइल आणली,
बत्तीस वर्षांच्या पावत्या, तारीखवार,
बस चालवायचा तेव्हा वेळापत्रक पाळायचा तशी.
त्यात एक: मांजर पाळण्याची परवानगी, चाळीस पौंड.
परवानगी आली
तोवर मांजर गेलं होतं.

कायदा म्हणतो, निम्म्या घरानं एकत्र मागावं.
सातांचे निम्मे साडेतीन.
अर्धा माणूस आणायचा कुठून, म्हणून चार.
वरचे दोन फ्लॅट दुबईतल्या एकाचे, तो पत्राला उत्तर देत नाही.
रोरी म्हणाला विचार करतो,
आणि विकून गेला.
उरली तळघरातली ऑड्री थ्रेल, वय शहाऐंशी.

तिनं चष्मा पुसला, परत पुसला.
"सही केली की मला किती मिळणार?"
नऊशे नव्याण्णव वर्षं, हालिना म्हणाली.
ऑड्री ठसका लागेस्तोवर हसली.
"डॉक्टर म्हणतो दोन उन्हाळे.
वकील म्हणतो नऊशे नव्याण्णव.
वकिलाची फी जास्त आहे, त्याचंच ऐकते."

मग नोटीस, उलट नोटीस,
लाल ठिपका भिंतीवर फिरवत खोल्या मोजणारा माणूस,
गैरहजरांच्या वाट्याचे पैसे कुणी भरायचे यावरून भांडण,
तळघराचा हिस्सा कमी असावा का यावरून त्याहून मोठं.
दोन महिने हालिना आणि ग्लेनरॉय
जिन्यात एकमेकांना "गुड मॉर्निंग" म्हणायचे
ते रजिस्टर टपालानं आल्यासारखं.
मी मध्ये पडायला गेले नाही. मलाही कमीच भरायचं होतं,
हे लिहून ठेवते.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी ईमेल आला: झालं.
चार ओळी, त्यातल्या दोन गोपनीयतेबद्दल.
त्याच आठवड्यात मागचं पन्हाळं निखळून
ऑड्रीच्या कुंड्यांवर पडलं.
"कंपनीला फोन लावा!" ग्लेनरॉय जिन्यातून ओरडला.
मग थांबला.
कंपनी गाऊन घालून दारात उभी होती,
कंपनीच्या हातात टोस्ट होता,
कंपनी शिडी शोधायला गेली.

नव्या कराराच्या बाराव्या पानावर भाडं लिहिलंय:
वर्षाला मिरीचा एक दाणा,
तोही मागितला तरच.
इतकी वर्षं कुणीतरी आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या,
आणि हिशेब अखेर एका दाण्याशी येऊन टेकला.

पंचवीस मार्चला ऑड्री वर आली.
प्रत्येक पायरीवर थांबत, म्हणजे वीस मिनिटं.
हातात पाकीट, वर ग्लेनरॉयचं नाव,
आत एकच काळा दाणा, सुरकुतलेला.
कुणी मागितला नव्हता.
"पावती लागेल," ती म्हणाली.
ग्लेनरॉयनं चष्मा लावला, तारीख घातली,
सही केली, खाली रेघ मारली.

पाकीट त्याच फाइलमध्ये आहे, मांजराच्या शेजारी.
फाइल उघडली की
शिंक येते.