दाढ, उशिरा

राजारामपुरी, आठवी गल्ली, दुसरा जिना.
डॉक्टर हुक्केरी हातमोजे चढवत विचारतात, "वय?"
सेहेचाळीस म्हटल्यावर हसू दाबतात.
"लई उशिरा आली की हो अक्कल."

मी काही बोलायच्या आत सुई.
मग ते निळ्या पुठ्ठ्याची वही काढतात,
लाँड्रीच्या हिशेबाची असते तसली.
जबडा बधिर होईतो वाचून दाखवतात.
उलटून न बोलणारा श्रोता
दुसऱ्या कुणाला मिळतो असा?

तुर्की माणसं हिला म्हणतात विसाव्या वर्षाचा दात.
(म्हणजे माझी सव्वीस वर्षं लेट.)
इंडोनेशियात शेंडेफळ.
कोरियात प्रेमाचा दात,
त्या वयात कुठलं दुखणं कुणामुळं
हे कुठं सांगता येतंय.
"आणि आमच्या घरी बुद्धी हल्लु," निपाणीकडचे डॉक्टर म्हणतात,
"हल्लु म्हणजे दात. हळू म्हणजे मात्र हळूच."
असं म्हणून जोरात दाबतात.

ट्रे धरून रुकय्या मुजावर उभ्या.
भाऊ त्यांचा रियाधला बारा वर्षं ट्रकवर.
"अक्कल अरबीतनं आली, बाई.
उंटाचा गुडघा दुमडून बांधतात नव्हं,
ती दोरी नि ही अक्कल
एकाच धातूतल्या.
रात्री उंट उठून जाऊ नये म्हणून."

दाढ मात्र दंष्ट्रेची लेक.
तोंडातोंडांत घासून कोपरे गेले, एवढीच उरली.
दाढीही त्याच घरातली.
म्हणजे अर्धा शब्द बांधणारा,
अर्धा चावणारा,
आणि मधला सांधा जिभेला लागत नाही.

बापू शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर तोलार.
ढेपेला टोचा मारायचे,
कण उचलून डाव्या दाढेखाली धरायचे,
डोळे मिटायचे.
चुना किती, मळी किती,
ऊस नदीकाठचा का माळाचा,
दाढ सांगायची ते पावतीवर चढायचं.
साठीला ती दाढही गुळानंच खाल्ली.

मी सासरचं घर सोडून
एक बॅग नि शिलाई मशीन घेऊन आले,
तेव्हा ते काट्यावरची नजर न काढता म्हणाले,
"हिला अक्कलदाढ आली न्हाई अजून."
मशीन मात्र त्यांनीच जिन्यावरून वर नेलं.
आलीच नव्हती, खरं.

वहीचं शेवटचं पान.
"हा जपानी," डॉक्टर म्हणतात, पक्कड हातात.
"ओयाशिराझु. आई-बापाला न कळलेली.
ती उगवते तोवर ते नसतात म्हणून."

कटकट आवाज येतो, लांबून,
कुणीतरी दुसऱ्या खोलीत खुर्ची सरकवल्यासारखा.
रुकय्याबाई कापूस पुढं करतात. "दुखतंय?"
मी मान हलवते.
हो म्हणून का नाही म्हणून, त्यांनाही कळलं नसावं.

दाढ कागदात गुंडाळून दिली.
दुधाचे दात कौलावर फेकायचे असतात,
हिचं काय करायचं, ते विचारायला
ओठ जागेवर नव्हता.

घरी जायचं सोडून रिक्षा शाहूपुरीत नेली.
अडतीवर आता इलेक्ट्रिक काटा,
त्यावर विशीतला एक पोरगा, कानात वायर.
"हे वजन करतोस?" बधिर तोंडानं कसंबसं म्हटलं.
त्यानं कागद उघडला, माझ्याकडं बघितलं,
परत कागदाकडं.
"मावशी, किलोचा काटा हाय. शून्यच दाखवतोय बघा."

मग काय वाटलं त्याला कुणास ठाऊक,
फुटक्या ढेपेतला एक खडा काढून हातावर ठेवला.
मी तो डाव्या बाजूला धरला.
काहीच कळलं नाही.
चुना, मळी, नदी, माळ, काहीच.

तासाभरानं, गंगावेशीच्या वळणावर,
गोड लागायला लागलं.