पट नऊ

तक्त्यात रकाना एकच: पटसंख्या.
मी लिहिते, नऊ.
पुढची रक्कम आपोआप पडते,
सोललेले नारळ मोजावेत तशी, नगामागे इतके.

पार्वती थापाचा बाप कलमांत हापूस राखतो.
आंबा संपला की ती गावी जाते,
दिवाळीनंतर परत येते
बाराखडी कुठल्याशा गाडीत विसरून.
हर्षल तारीचा डावा कान बंद, उजवा अर्धा,
यंत्र खाऱ्या हवेत गंजतं,
त्याचे सेल मी कणकवलीहून आणते, पगारातून.
रेहान खाडीपलीकडचा.
ओहोटीला होडी चिखलात रुतते,
रेहान गैरहजर. कारण: चंद्र.
असं लिहायला जागा नाही.

आणि मुग्धा, सरपंचांची नात.
तिला काही लागत नाही.
तीही एक. रेहानही एक.

समितीच्या सभेत मी पत्र वाचलं: सर्वांना समान.
अध्यक्ष द्रौपदी केळुसकर
पहाटेच्या लिलावात भांडून आलेल्या,
पदराला बांगड्याचा वास.
"बाई, रापणीचे वाटे घालताना बगलास कदी?
जाळ्याचो येगळो, होडयेचो येगळो, हातांचो येगळो.
आनी जिचो घोव दर्यान नेल्यान
तिच्या टोपलेत दोन बांगडे जास्ती.
थंय कोण पट मोजता?"

मग ठराव लिहिला. सेल. होडीचं भाडं,
ओहोटीच्या दिवशी रिक्षाचं.
पार्वतीसाठी सोबत नेता येईल असा वह्यांचा गठ्ठा.
मुग्धापुढे रेघ.
सरपंच उठले: "माझ्या नातीन काय घोडा मारल्यान?"

कोणी बोललं नाही. प्रश्न खोटा नव्हता.
दुसऱ्या दिवशी मी मुग्धाला विचारलं,
पहिल्यांदाच.
कपाटात तेरा पुस्तकं आहेत, ती म्हणाली,
माझी तीन-तीनदा झाली.
वाळवी लागलेलंसुद्धा.

रेघ खोडली. पुस्तकं लिहिली.
पैसे पुरेनात, तेव्हा भिंतीचा रंग खोडला.

ठराव तालुक्याला गेला, आठवड्यात परत आला,
लाल शाईत: खर्च पटाच्या प्रमाणात दाखवावा.

पट म्हणजे किती मुलं, एवढंच त्यांना ठाऊक.
कुणाला किती पट लागेल
हाही याच शब्दाचा अर्थ आहे,
मराठीच्या बाईने हे कळवायला हवं, पण कुणाला?

नवा तक्ता घेतला. रकान्यात लिहिलं, नऊ.
खाली सही, शिक्का.
आणि टाचणीने जोडलं
या महिन्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक.