विलंबाचे कारण

कुळ्याहून घाट चढणाऱ्या गाडीला
मागून ढकलायला इंजिनं लावतात.
उतरणारीला काय लावणार?
तिला ब्रेक, आणि आमचो कान,
असं पुतू वेळीप म्हणायचा.

तेहेतीस वर्षं चालला तो रुळांच्या कडेनं.
खांद्यावर हातोडी, डब्यात पेज, वर मिस्कुटाची फोड.
सांध्यावर टक्.
मग थांबायचा.
देवळात कौल लावल्यावर
पाकळी पडेपर्यंत थांबतात तसा.

मी आले ती बावीस पेट्या घेऊन.
साबणाच्या वडीएवढ्या, करड्या,
रुळाच्या बुंध्याशी चिकटवायच्या.
या ऐकतात, मी सांगितलं,
रात्रंदिवस. चाक, सांधा, तडा.
"आनी जेवतात कितें?"
ऊन, म्हटलं.
तो हसला नाही.

पहिल्या महिन्यात पेट्यांनी एकेचाळीस वेळा
सिग्नल लाल केला.
एकेचाळीस वेळा माणसं बॅटरी घेऊन धावली
आणि घाम पुसत परत आली.
स्टेशनमास्तर बार्रेटोबाब
माझ्यासाठी चहा सांगेनासे झाले.
हुबळीहून फोन आला,
बाई, तुमच्या पेट्यांना भुतं दिसतात का?

मग एका दुपारी, बाकावर,
पुतूच्या कानांवर मी हेडफोन चढवला.

आवाज सात.
त्यानं डोळे मिटले.
"गवो. खांबाक आंग घासता."
आवाज बारा.
"बोगद्याच्या तोंडाची झर. माघापर्यंत ठिबकणार ती."
आवाज एकोणीस.
"हें पहाटेचें. थंडीत रूळ आळस देतो, बाय.
माणूस आळस देतो म्हणून
कोण डॉक्टराक आपयता?"
आवाज एकोणतीस.
हेडफोन काढला. विजारीला पुसला. परत लावला.
"हें वायट."

चार दिवस तो ऐकत राहिला, मी लिहीत राहिले.
गवा. झर. आळस. चीर.
याच नावांनी पेट्यांना शिकवलं.
बंगळूरच्या पोरांनी विचारलं, आळस म्हणजे कुठला बिघाड?

नोव्हेंबरअखेर पुतू निवृत्त झाला.
घड्याळ दिलं, शाल दिली.
हातोडी जमा करून घेतली, पावती दिली.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात
पहाटे चार वाजून सहा मिनिटांनी
चौदा नंबरची पेटी म्हणाली,
चीर.
वर कारंझोळकडून गाडी उतरत होती,
सोळा डबे, झोपलेले.
सिग्नल लाल झाला.
माझ्या पोटात बेचाळिसावा आकडा.

सोयरू झोरे, नवा कीमन, पळत गेला.
दहा मिनिटं वॉकी-टॉकीवर नुसता त्याचा श्वास.
मग,
"मॅडम, रूळ तुटलाय.
काडेपेटी आडवी बसते मधी."

पट्ट्या आवळल्या, क्लॅम्प लावले.
गाडी माणसाच्या चालीनं त्यावरून गेली,
एकेक चाक,
आणि मी प्रत्येक चाक मोजलं,
मोजायची काही गरज नसताना.
एका खिडकीची काच वर झाली.
"रेल्वेवाले झोपा काढतात काय रे?"
सोयरूनं हिरवा दिवा हलवला.

बार्रेटोबाबांनी वही उघडली.
अपघात: रेघ.
विलंब: सत्तेचाळीस मिनिटे.
विलंबाचे कारण.
इथे पेन बराच वेळ थांबलं.
मग रकान्यात मावेल एवढाच शब्द लिहिला,
अभियांत्रिकी.
आणि दोन चहा सांगितले.

रविवारी रिवणच्या पुढे पुतूच्या घरी गेले.
अंगणात सुपारी वाळत होती.
ती पहाट ऐकवली त्याला.
त्यानं ऐकली, मान हलवली, एकदाच.
"गाडी वेळार पावली?"
नाही. सत्तेचाळीस मिनिटं उशीर.
"लोक तापले जातले."
तापले.
"बरें."

मी लॅपटॉप मिटायला लागले
तर त्यानं हात धरला.
हेडफोन अजून कानावरच होता.
"बाय, तो सात नंबर लाव मरे.
गव्याचो."